आघाड्याचे तांदूळ

सडेवाडीत कुणाला विंचू चावला की पहिली हाक राहीला जायची. हातातलं काम टाकून ती निघायची. वाटेत दगडी गडग्याच्या कडेचा एक आघाडा मुळासकट उपटायची, पाला दगडावर ठेचून डंखावर बांधायची, आणि मुळी हातात धरून खांद्यापासून बोटांपर्यंत पुन्हा पुन्हा, सावकाश उतरवत बसायची. माणूस शांत झाला तर लोक म्हणत, राहीच्या हाताला गुण आहे. नाही झाला तर म्हणत, विंचू तांबडा होता. दोन्ही वेळा राही हात धुऊन घरी जायची.

सडेवाडी रत्नागिरीपासून चार कोसांवर, कातळाच्या सपाट सड्याखाली. तीसेक घरं, सगळी कुणब्यांची, आणि जवळजवळ प्रत्येक घरातला एक पुरुष मुंबईच्या गिरणीत. आघाडा मात्र कुठे गेलेला नव्हता. पाऊस लागला की तो वाटेच्या दोन्ही बाजूंनी उठायचा, कमरेएवढा व्हायचा, एक लांब खरखरीत तुरा काढायचा आणि तसाच उभा राहायचा. नजर थांबावी असं फूल त्याला नाही, वास नाही, सावली नाही. भादव्यात गणपतीच्या पत्रीत त्याला एका दिवसाचा मान. एरवी लुगड्याच्या काठाला त्याचं बी चिकटलं की बाया त्याला शिवी देत. राही शिवी देत नसे. जगात काही जणांना दुसऱ्याच्या कपड्याला धरूनच पुढे जावं लागतं, असं तिला वाटे.

हे सगळं तिला तिच्या आईनं, गोदानं शिकवलं होतं. दात दुखला तर आघाड्याची काडी चावायची. खोकला जुना असेल तर अख्खं झाड वाळवून जाळायचं, राख पाण्यात कालवून ते पाणी गाळायचं आणि आटवायचं. तळाशी जो पांढरा क्षार उरतो तो मधातून चाटवायचा. तोच क्षार तेलात कढवून वाहत्या कानात घालायचा. आणि बाई अडली असेल तर मुळी. त्या मुळीला आदल्या दिवशी आमंत्रण द्यावं लागे. झाडाशी हळदकुंकू आणि चार तांदूळ ठेवून, "उद्या तुला न्यायला येते" असं सांगून यायचं. सकाळी कुणाशी न बोलता जायचं, लोखंड न लावता लाकडाच्या खुंटीनं मुळी उकरायची आणि बाईच्या केसांत बांधायची. मूल बाहेर पडलं की त्याच क्षणाला ती सोडायची. राहिली तर बाईच्या आतलं सगळं ओढून काढते, असं गोदा सांगायची. राहीच्या हातून एकदाही ती राहिली नाही.

पुढं चौतीस-पस्तीस सालापर्यंत आसपासच्या चार वाड्यांतले लोक या कामांसाठी तिच्याकडे येत. पण ज्या वर्षी श्रावण दोन आले, त्या वर्षाविषयी तिच्यासमोर कुणी बोलत नसे.

ते एकोणीसशे अठ्ठावीस साल. त्याच्या आधीच्या पौषात राही नेहमीप्रमाणे वाळल्या आघाड्याचं बी गोळा करत होती. रत्नागिरीत झाडगावात एक वैद्य होते, ते तिच्याकडून मुळ्या, क्षार आणि बी घेत. हे बी राखेत चोळून, पाखडून साफ केलं की आत बारीक दाणा निघतो. त्याला वैद्य आघाड्याचे तांदूळ म्हणत. एकदा राहीनं त्यांना विचारलं होतं, याचं करता तरी काय?

"भस्म्या झालेल्या माणसाला देतात," वैद्य म्हणाले. "कितीही खाल्लं तरी ज्याची भूक भागत नाही, त्याला. मूठभर दाणे दुधात शिजवून दिले की आठ दिवस भुकेचं नाव काढत नाही."

राही हसली. "आमच्यात भूक लागली तर तिला कोन रोग म्हनत न्हाय, बुवा."

वैद्यही हसले. पण त्या पौषात तिची चार वर्षांची लेक तुळसा तापानं पडली आणि राहीचं रत्नागिरीला जाणं राहून गेलं. साफ केलेलं बी एका सुक्या भोपळ्यात भरून तिनं माळ्यावर टांगून ठेवलं.

वैशाखात मुंबईच्या गिरण्या बंद पडल्याची बातमी आली. बंदर बंद व्हायच्या आधीच्या शेवटच्या बोटीनं राहीचा नवरा दादू आणि धाकटा दीर बाळा घरी आले. दादू गिरणीत साच्यावर, कापड विणायच्या मागावर होता. त्याच्या कानांत अजून साच्यांचा खडखडाट होता, त्यामुळे तो घरातही ओरडूनच बोलायचा. "पंधरा दिसांत मिटतंय," तो म्हणाला. पंधरा दिवस गेले, महिना गेला. पावसानं समुद्र बंद केला. वाडीत घरोघरी असेच पुरुष पडवीत बसून होते. एरवी सणाला येणारे हे पाहुणे आता रोज तीन वेळा जेवत होते, आणि त्यांनी तरी काय करावं, अंगानं दणकट माणसं.

आषाढात एक दिवस राहीची सासू मथुरा भाताच्या कणगीत हात घालायला गेली. हात कोपरापर्यंत गेला, मग खांद्यापर्यंत. बाहेर आलेल्या तिच्या हाताला लागलेला कोंडा राहीनं पाहिला. हळवं भात कापणीला यायला अजून तीन महिने होते.

त्याच आठवड्यात अधिक श्रावण लागला. राहीनं घरात सांगितलं, "मी अधिकाचा उपास धरलाय. एका पान्यावर." कुणी नवल केलं नाही. अधिक महिन्यात बाया काय काय धरतात. पहाटे सगळे निजलेले असताना तिनं गोठ्यातल्या चुलीवर भोपळ्यातले मूठभर दाणे शिजवले. दूध नव्हतं. पाण्यात शिजवले, वर गुळाचा खडा टाकला. चव मातीसारखी, जरा कडू. खाऊन ती शेतावर गेली.

दुपारी भूक लागली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. घरातली माणसं पेज ओरपत असताना ती समोर बसून वाढत होती, आणि तिला त्या पेजेचं काहीच वाटत नव्हतं. जन्मल्यापासून सोबत असलेलं कुणीतरी न सांगता घर सोडून गेल्यासारखं तिला झालं. आठव्या दिवशी पोटात पुन्हा काही हललं, तेव्हा तिनं पुन्हा मूठभर दाणे शिजवले. दिवसाकाठी वाटीभर पेजेचं वरचं पाणी ती चुलीपुढे पिऊन घेई. तिच्या वाटणीचं बाकीचं तुळसाच्या आणि पुरुषांच्या वाडग्यात जाई.

लावणीचे दिवस होते. बाया ओळीनं चिखलात वाकून लावणी करत. दुपारी भाकरी सोडत, तेव्हा राही बांधावर नुसती बसे. दहा दिवस झाले, बारा झाले.

"राही, तू खातंस तरी काय गो?" एकीनं विचारलं.

"उपास हाय."

"उपास आमी पन धरलेत. संध्याकाळी जीव जातो आमचा. तू तर रोपाच्या जुड्या पळवतंस."

खरंच, ती काम करत होती. सुरुवातीचे दिवस तिचं अंग हलकं झालं होतं, डोळे मोठे आणि चकचकीत दिसत. हे बोलणं गुरवाच्या कानावर गेलं. गावदेवी पावणाईचा हा गुरव, धोंडू, भाबडा माणूस होता आणि त्यालाही घरी जेवणारी माणसं वाढलेली होती. त्यानं देवीला कौल लावला. कौल उजवा, म्हणजे होकाराचा पडला. दुसऱ्या दिवशी सगळ्या वाडीत झालं, की राहीवर पावणाईची छाया आहे, तिला अन्न लागत नाही.

पहिला नारळ एका म्हातारीनं आणला. मग सुपात तांदूळ, एक खण, अशी ओटी भरायला बाया येऊ लागल्या. पलीकडच्या वाडीतूनही आल्या. तांदूळ मूठ-मूठच असत, कुणाकडेच फार नव्हते. पण मुठींनी सूप भरत होतं. राही पहिल्या दिवशी म्हणाली, "आये, हे परत द्या. मला देवी न्हाय."

मथुरा सुपातले खडे वेचत होती. तिनं मान वर केली नाही. "तू काय खातंस आनि काय न्हाय, ते मला म्हायत न्हाय. आनि म्हायत करून घ्यायचं पन न्हाय मला." मग म्हणाली, "पोर जेवली आज पोटभर. बघितलंस ना?"

राहीनं बघितलं होतं.

दादूचं वेगळंच. एके सकाळी तो पडवीत बसून मोठ्यानं म्हणाला, "गाव सांगतंय माझी बायको देवी झाली. मला कोनी इचारलं पन न्हाय. आता तुला हाक मारू की हात जोडू?"

"आधी लाकडं फोडा," राही म्हणाली. "ओली हायेत सगळी."

बाळा खो खो हसला. दादू कुऱ्हाड घेऊन उठला, पण जाता जाता त्यानं तिच्या मनगटाकडे पाहिलं. तिथली काकणं कोपराकडे सरकायला लागली होती. त्या दिवसापासून तो खाली मान घालून जेवू लागला.

अधिक संपून निज श्रावण लागला. लोकांना वाटलं उपास सुटेल. तो सुटला नाही, तेव्हा त्यांची खात्रीच झाली. आता राहीला सोडवतही नव्हतं. अंगणात तिच्या पाया पडून गेलेली बाई घरी जाऊन रिकामं भांडं खरवडत असेल, हे तिला दिसे. तरी ओटी बंद झाली तर तुळसाचं काय, हेही दिसे. आणि अंग तर आतून निघून चाललं होतं. केस फणीला पुंजक्यांनी येत. उठताना भिंत धरावी लागे. दोन महिने ती बाजूला बसली नव्हती. बाया हळू आवाजात म्हणत, देवीला विटाळ नसतो. राही ते ऐके आणि तिच्या मनात येई, की भूक मेली म्हणून माणसाचं मरण थांबत नाही. फक्त ते सांगायला कुणी उरत नाही.

गणपती आले. दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. त्या दिवशी बाया आघाड्याच्या काड्यांनी दात घासून अंघोळ करतात आणि बैलाच्या कष्टाचं काही खात नाहीत. दरवर्षीप्रमाणे काड्यांच्या जुड्या राहीनंच आणल्या. वीस-पंचवीस बाया पऱ्यावर, वाडीच्या ओढ्यावर जमल्या. अंघोळी झाल्यावर काठावरच्या सपाट दगडावर सात खडे मांडले, हळदकुंकू वाहिलं, पुढं पानावर वऱ्याचा भात आणि परड्यातल्या अळू-भेंडीची, भोपळ्याच्या पाल्याची भाजी ठेवली. नैवेद्य अजून दाखवायचा होता.

तेव्हा चिमा पुढं आली. चिमा शेजारच्या बाबल्याची बायको, एकोणीस वर्षांची. आषाढाच्या आधी तिला पोरगा झाला, तेव्हा राहीनंच तिच्या केसांत मुळी बांधली होती आणि सोडली होती. बाबल्याही संपामुळे घरीच होता, त्याचे दोन भाऊही. चिमानं ओल्या लुगड्यात मूल छातीशी धरलं होतं.

"राहीवयनी, मला तुमचा उपास द्या ना."

"कसला उपास?"

"भूक लागत न्हाय तो. पाच दिस झाले, मी पन धरलाय. नुसतं पानी. पन माझी भूक जातच न्हाय. देवी मला पावत न्हाय. तुमी माझ्या डोक्यावर हात ठेवा."

मूल छातीला लागलं, दोनदा ओढलं, सोडलं आणि ओरडलं. आवाज मांजराच्या पिल्लाएवढा.

"दूध येतंय?" राहीनं विचारलं.

"वायच आटलंय. देवीच्या मनात असलं तर येईल." चिमा हसली. तिचे डोळे मोठे आणि चकचकीत दिसत होते.

राही ते डोळे ओळखत होती. डोक्यावर हात ठेवला तर ही पोर आणखी पाच दिवस उपाशी राहील, आणि मूल तेवढे दिवस काढणार नाही. दाणे दिले तर हिची भूक मरेल, पण दूध काही परत यायचं नाही. मूल तरीही जाईल, आणि हीही मरतेय हे हिला आतून कुणी सांगणार नाही. हाताला गुण असलेली राही तिथं उभी होती आणि तिच्याकडे द्यायला काही नव्हतं.

"देवी न्हाय गो," ती म्हणाली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा म्हणाली, "देवी न्हाय. आघाड्याचं बी शिजवून खातंय मी. म्हनून भूक लागत न्हाय."

मग मथुराच पटकन म्हणाली, "देवी परीक्षा बघते. देवी असंच बोलते." आणि तिनं हात जोडले. एकेक करत बायांनी हात जोडले. चिमाही मूल सावरत वाकली.

राहीनं सगळ्यांकडे पाहिलं. खरं बोलण्यालाही त्यांनी कुंकू लावलं होतं. ती सरळ त्या सपाट दगडापाशी बसली, पान ओढलं आणि वऱ्याचा भात भाजीत कालवून तोंडात घातला.

"अगं नैवेद्य! नैवेद्य हाय तो!"

"उष्टा केलान!"

तिनं दुसरा घास घेतला. घास उतरेना. तिसऱ्या घासाला सगळं उलटून आलं. ती बाजूला वळून ओकली, पऱ्याचं पाणी तोंडावर मारलं, पुन्हा पानाशी आली आणि पुन्हा घास घेतला. या वेळी तो राहिला.

"देवी अशी जेवते काय?" ती चिमाला म्हणाली. "अशी ओकते? बघ नीट. बस हितं. खा."

चिमानं सासूकडे पाहिलं. सासू तोंडावर पदर धरून उभी होती.

"तिच्याकडं बघू नको. मूल माझ्याकडं दे. खा तू."

राहीनं मूल घेतलं. चिमा बसली. पहिला घास तिनं भीत भीत घेतला, मग हाताला आवर राहिला नाही. दोन्ही हातांनी खाल्लं, पान चाटलं. काही बाया रडत होत्या, काही राहीला नाही नाही ते बोलत होत्या. ज्या म्हातारीनं पहिला नारळ आणला होता, ती म्हणाली, "माझा नारळ खाल्लास गो तू. माझ्या नातवाच्या तोंडचा." मथुरा घागर तिथंच टाकून घरी निघून गेली.

धोंडू गुरवानं गावाला सांगितलं, की पावणाई पंचमीच्या पहाटेच राहीला सोडून गेली. त्यामुळे कौलही खोटा ठरला नाही. राहीनं वर्षभर देवळाची पायरी चढायची नाही, असं मात्र ठरलं. ओटी थांबली. पण चिमाच्या घरी त्याच संध्याकाळी एकीनं शेळीचं दूध पाठवलं, दुसरीनं पेज. कुणी बोलून दाखवलं नाही. ते मूल जगलं. पुढं कित्येक वर्षं त्याचा कान वाहायचा आणि चिमा त्याला राहीकडे क्षाराचं तेल घालायला घेऊन यायची.

राहीनं भोपळ्यातलं उरलेलं बी पऱ्यात ओतून दिलं आणि घरात ती रोज दोन-चार घास बळेच गिळत राहिली. मथुरा तिच्याशी बोलत नव्हती. पाचव्या दिवशी राही हळव्या भाताच्या लोंब्यांवरचे पक्षी हाकत बांधावर उभी होती. पोटात काहीतरी खरवडल्यासारखं झालं. तिला वाटलं, दुखतंय. तिनं पोटावर हात दाबला. मग ते वर छातीपर्यंत आलं, तोंडाला पाणी सुटलं, आणि तिच्या लक्षात आलं. ती तशीच घराकडे निघाली. वाटेत दोनदा बसली.

घरात पुरुष जेवायला बसले होते.

"आये," ती दारातूनच म्हणाली, "मला भूक लागलीय."

मथुरा पेज वाढत होती. हात थांबला. "मग मी काय करू? माझी हाडं शिजवू?"

राही उंबऱ्यावर बसली. मग दादूनं आपला वाडगा आईपुढं सरकवला. "काढ ह्यातली," तो म्हणाला. पहिल्यांदाच तो ओरडून बोलला नाही. बाळानं आपल्या वाडग्याकडे पाहिलं, एक घोट घेतला आणि मग तोही सरकवला. मथुरा पुटपुटत राहिली, पण तिनं दोन्ही वाडग्यांतून एकेक पळी काढली, मडकं वाकडं करून तळाची पेज खरवडली आणि आणखी एक वाडगा भरून सुनेपुढं आदळला.

राहीनं तो दोन्ही हातांनी उचलला. पेज पातळ होती, मीठ जास्त होतं. तिनं वाडगा निथळून रिकामा केला, कडा बोटानं पुसून चाटल्या. पोट भरलं नाही.

"आनखी हाय?" तिनं विचारलं.

"न्हाय," मथुरा म्हणाली. "सांजच्याला बघू."